हेडफोन घ्यावा तो पारखून

आंबिया बहाराची संत्री गाड्यांत भरून कळमन्याच्या बाजारास गेली, व्यापाऱ्याचा हिशेब चुकता झाला आणि हाती चार पैसे आले, म्हणजे तिगाव-पांढुर्णा भागातील घराघरांतून मागण्यांची यादी निघू लागते. कोणास विहिरीवर नवा पंप बसवावयाचा असतो, कोणास मुलीच्या लग्नाची तयारी करावयाची असते. अलीकडे या यादीत मुलांनी आणखी एका वस्तूची भर घातली आहे. ती वस्तू म्हणजे खेळाचा, त्यांच्याच शब्दांत सांगावयाचे तर ‘गेमिंगचा’, हेडफोन. तो घरात आला की त्याच्या पाठोपाठ माउस येतो व माउसच्या पाठोपाठ कीबोर्ड.

प्रिय वाचकहो, या विषयावर धर्मगुरूने लेखणी उचलावी याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु गेल्या हंगामात आमच्या एका शेतकरी बांधवाने आम्हांस रोखठोक प्रश्न केला. त्यांचा मुलगा चार हजार रुपयांच्या हेडफोनसाठी हट्ट धरून बसला होता. थोरली मुलगी घरी बसून फोनवरून एका कंपनीचे काम करते, तिलाही हेडफोन हवा होता, आणि घरात पैसा होता तो एकाचपुरता. ते म्हणाले, “फादर, बैल घ्याचा असन तं दात पायतो जी, संत्र्याचं कलम घ्याचं तं मुळी पायतो. याचं काय पाहाचं?” हा प्रश्न आम्हांस फार मोलाचा वाटला. कष्टाचा पैसा कोठे जातो हे डोळसपणे पाहणे हा कुटुंबधर्मच आहे. म्हणून आम्ही धर्मग्रामातील तरुणांस त्यांचे चालू व मोडके असे सारे हेडफोन घेऊन बोलाविले, जाणकारांस विचारले, चार ठिकाणी वाचन केले, आणि जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम खोक्याविषयी. खोक्यावर जे मोठ्या अक्षरांत छापलेले असते ते बहुधा बिनमहत्त्वाचे असते. ‘५० मिलिमीटर ड्रायव्हर’ हे शब्द पाहून मुले हरखून जातात. ड्रायव्हर म्हणजे कानाच्या वाटीतील छोटा स्पीकर. तो चाळीस मिलिमीटरांचा असो वा पन्नासचा, त्याचा पडदा कशाचा आहे, तो कसा बसविला आहे आणि वाटीची घडण कशी आहे यांवर आवाज अवलंबून असतो. केवळ आकारावर नव्हे. मोठ्या घमेल्यात शिजविले म्हणून भात चांगला होत नाही. ‘१० ते ४०,००० हर्ट्झ’ असाही एक आकडा काही खोक्यांवर असतो. निरोगी तरुण माणसाचा कान साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकतो, आणि चाळिशी उलटली की वरच्या टोकाचे स्वर हळूहळू निघून जातात. तेव्हा त्यापलीकडच्या आकड्यासाठी पैसे मोजणे म्हणजे वटवाघळाच्या कानासाठी पैसे मोजणे होय.

‘७.१ सराउंड’ हा तिसरा मोठा शब्द. तो वाचून असे वाटते की आत आठ स्पीकर बसविले असावेत. वास्तविक बहुतेक हेडफोनांत प्रत्येक कानाला एक असे दोनच स्पीकर असतात, आणि पुढचा-मागचा आवाज संगणकातील प्रोग्रॅम हिशेबाने निर्माण करतो. हिशेब चांगला असेल तर त्याचा उपयोग होतो, नाही असे नाही. परंतु कित्येक खेळांत हे काम खेळाचा प्रोग्रॅम स्वतःच करीत असतो. तशा वेळी हेडफोनचेही बटण चालू ठेवले तर एकाच कामावर दोन मुकादम बसविल्यासारखे होते व आवाज गढूळ होतो. राहिले रंगीबेरंगी दिवे. ते डोक्यावर लागतात, म्हणजे घालणाऱ्याला दिसतच नाहीत.

मग पाहावयाचे काय? त्यासाठी खेळ काय मागतो हे समजून घेतले पाहिजे. मुले खेळतात ते बहुतेक शंभर गडी एका बेटावर उतरून शेवटी कोण उरतो अशा धाटणीचे खेळ असतात. २०२० च्या सप्टेंबरात ज्या खेळावर सरकारने बंदी घातली होती त्याचाच अवतार २०२१ पासून आपल्याकडे निराळ्या नावाने खेळला जातो. पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ या कंपनीनेही २०२४ च्या ऑक्टोबरात ‘इंडस’ नावाचा याच जातीचा खेळ काढला. या खेळांत शत्रू दिसण्यापूर्वी त्याची पावले ऐकू येतात. डावीकडचा आवाज डाव्या कानास किंचित आधी पोहोचतो व उजव्या कानास किंचित नंतर. हा फरक एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो, आणि देवाने दिलेला मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. म्हणून दोन्ही कानांतले स्पीकर एकमेकांशी जुळते असणे हा खरा गुण होय. तो तपासण्यास यंत्र लागत नाही. एकाच माणसाच्या बोलण्याचे साधे ध्वनिमुद्रण लावावे व डोळे मिटावेत. आवाज बरोबर कपाळाच्या मध्यातून यावयास हवा. मग हेडफोन उलटा घालून, डावी वाटी उजवीकडे करून, पुन्हा ऐकावे. पहिल्या वेळी आवाज ज्या कानाकडे ओढत होता त्याच्या विरुद्ध कानाकडे आता ओढू लागला, तर दोष हेडफोनचा. त्याच कानाकडे राहिला, तर दोष कानाचा, आणि तशा वेळी दुकानदाराऐवजी डॉक्टरांकडे जावे.

आता वायरीचा की बिनवायरीचा, हा प्रश्न. मुलांची ओढ साहजिकच ब्लूटूथकडे असते. परंतु ब्लूटूथने आवाज पाठविताना तो आधी आवळून बांधावा लागतो व पलीकडे सोडवावा लागतो. त्यात सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा सहज निघून जातो. हा विलंब किती मोठा, हे आपल्या शेतकऱ्यांस चटकन समजेल. दूरच्या धुऱ्यावर कोणी कुऱ्हाड चालवीत असला, की घाव आधी दिसतो व आवाज मागून येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याचा विलंब झाला तर कुऱ्हाडवाला जवळजवळ सत्तर मीटर दूर उभा आहे असे समजावे. खेळात बंदूक हातात असते आणि तिचा बार मात्र सत्तर मीटरांवरून ऐकू येतो! गाणी व प्रवचने ऐकण्यास याने काहीच बिघडत नाही, कारण तेथे आवाजाशी जुळवावयाचे चित्र नसते. चित्रपट दाखविताना फोन चित्रच थोडे थांबवून मेळ घालतो. खेळात ते शक्य नाही. सोबत छोटी बिनतारी खुंटी येते, जी संगणकात खोचावी लागते, त्या जातीच्या हेडफोनांत हा विलंब फारच थोडा असतो. तथापि त्यांची किंमत अधिक, आणि आतली बॅटरी काही वर्षांत थकणारच. आमच्या मते ज्या घरात पैसा मोजून खर्च करावा लागतो त्या घराने वायरीचा घ्यावा.

वायरीचा घेताना मात्र पिन पाहावी. पिनेवर तीन काळी कडी असतील तर तिच्यातून आवाज व माइक दोन्ही जातात आणि ती फोनला व बहुतेक लॅपटॉपला चालते. जुन्या संगणकाला दोन वेगळी छिद्रे असतात. तेथे एकाचे दोन करणारी छोटी जोडवायर लागते. ती खोक्यात आहे काय हे आधी विचारावे. आणि आजकाल पुष्कळ फोनांना हे गोल छिद्र उरलेलेच नाही. हे न पाहता हेडफोन घेऊन आलेला एक मुलगा आम्हांस माहीत आहे. नागपूरपर्यंतचे शंभर किलोमीटर त्याला बदलीसाठी पुन्हा करावे लागले, आणि दुकानदाराने खोके फोडले आहे म्हणून वस्तू परत घेतली नाही ती नाहीच.

माइकविषयी थोडक्यात. त्याची परीक्षा करण्यास पंखा चालू असलेल्या खोलीत बसावे, दोन मिनिटे नेहमीच्या आवाजात बोलून ते मुद्रित करावे व दुसऱ्या कोणास तरी ऐकवावे. आपला आवाज आपल्यालाच नीट पारखता येत नाही. त्या शेतकरी बांधवाच्या मुलीस तर हाच भाग सर्वांत महत्त्वाचा होता. पलीकडच्या ग्राहकास पंख्याची घरघर व अंगणातील कोंबड्याची बांग ऐकू आली, तर तिचे काम जाण्याची भीती. खेळासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या हेडफोनांचा तोंडापाशी येणारा दांडीचा माइक या कामास कानातल्या बारक्या बोंडांहून पुष्कळदा सरस ठरतो, हे आम्हांस या निमित्ताने कळले.

आता टिकाऊपणाकडे येऊ. कारण आमच्या मते खरी पारख येथेच आहे. तरुणांनी आणलेले मोडके हेडफोन आम्ही टेबलावर ओळीने मांडले, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. एखाद्याचाही स्पीकर जळाला नव्हता. बहुतेकांची वायर पिनेपासून बोटभर अंतरावर आतून तुटली होती. काहींची डोक्यावरची पट्टी जेथे मागेपुढे सरकते तेथे तडकली होती. आणि जवळजवळ सर्वांच्या कानाच्या गाद्यांवरील कृत्रिम चामड्याचे पापुद्रे सुटून मुलांच्या गालांस काळे ठिपके लागत होते. ज्या भागांविषयी खोक्यावर अवाक्षरही छापलेले नसते नेमके तेच भाग मोडतात. आपल्याकडील उन्हाळा, घाम व पाठोपाठ येणारा पावसाळा यांत ते चामडे फार काळ तग धरीत नाही. म्हणून घेताना गाद्या काढून नव्या बसविता येतात काय, त्या सुट्या मिळतात काय, वायर वाटीपासून अलग होते काय, आणि पिनेपाशी वायरीला लवचिक रबराचे नळकांडे आहे काय, हे पाहावे. पट्टी दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहावी. करकर वाजली तर ठेवून द्यावी. आणि दुकानातच निदान वीस मिनिटे घालून बसावे. पाच मिनिटांत सारेच हेडफोन मऊ लागतात. चष्मा असलेल्या मुलाने चष्म्यासह घालावा.

येथे एक जुनी हकीकत सांगावीशी वाटते. अमेरिकेतील युटा प्रांतात नथॅनियल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनविले आणि १९१० साली ते अमेरिकेच्या आरमाराकडे पाठविले. आरमाराच्या अधिकाऱ्यांचा त्यावर फारसा विश्वास नव्हता. तरी त्यांनी ते तपासून पाहिले व चालू असलेल्यांपेक्षा उत्तम ठरले म्हणून मागविले. परंतु खलाशांची तक्रार अशी आली की डोक्यावरची पट्टी टोचते. बाल्डविनने लगेच नवी हलकी पट्टी तयार करून दिली. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी खोकी छापणारे अजून आवाजाचीच जाहिरात करतात आणि वापरणारे अजून पट्टीचीच तक्रार करतात.

माउस व कीबोर्ड यांच्याविषयी फार लिहावे असे नाही. माउस संगणकाला आपली जागा सेकंदाला किती वेळा कळवितो हा आकडा मुले सांगतात. साधा माउस १२५ वेळा कळवितो, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी. खेळाचा म्हणविणारा हजार वेळा. फरक खरा आहे, परंतु आपल्या भागात इंटरनेटच्या वाटेवरच त्याहून कितीतरी अधिक वेळ जातो. ‘पाच कोटी क्लिकपर्यंत हमखास’ असेही छापलेले असते. रोज पाच हजार क्लिक धरले तर हा माउस सत्तावीस वर्षे चालावयास हवा! प्रत्यक्षात दोन-तीन वर्षांत एकदा दाबले असता दोनदा क्लिक होऊ लागते, कारण तो आकडा प्रयोगशाळेतील स्वच्छ हवेत केवळ बटणाच्या आतील कळीचा काढलेला असतो. धूळ, दमट हवा व ओढली जाणारी वायर यांची त्यात गणती नसते. कीबोर्डापुरते इतकेच, की ज्या घरात रात्री दुसरे कोणी झोपलेले असते तेथे खटखट वाजणाऱ्या कळांचा घेऊ नये.

इतरांचे अभिप्राय वाचून घ्यावे काय? वाचावेत, पण चाळून. पार्सल उघडल्याच्या दिवशी दिलेले पाच तारे म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी केलेली सुनेची स्तुती. सहा महिन्यांनंतर लिहिलेला अभिप्राय शोधावा, आणि एक-दोन तारेवाले आधी वाचावेत. दहा जण दहा निरनिराळ्या तक्रारी करीत असतील तर फारसे मनावर घेऊ नये. परंतु दहांपैकी सहा जण ‘डावा कान बंद पडला’ असे म्हणत असतील तर ती वस्तू कितीही स्वस्त असो, दूर ठेवावी. पैसे देऊन लिहविलेल्या अभिप्रायांचा सुळसुळाट इतका झाला की भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली त्यासाठी एक स्वतंत्र मानकच काढले. पण ते पाळणे ऐच्छिक आहे, हे ध्यानात असावे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः लिहावयास बसलो ती. हेडफोन मोडला तर दुसरा मिळतो. कानाच्या आतील शंखात जे सूक्ष्म केस असतात ते मोठ्या आवाजाने एकदा मेले म्हणजे पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेली मर्यादा अशी आहे: मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास, आणि मुलांनी ७५ डेसिबलचा ४० तास, याहून अधिक ऐकू नये. आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्म्यावर येतो. म्हणजे मुलाने ७८ डेसिबलवर २० तास, ८१ वर १०, ८४ वर ५, आणि ८७ वर आठवड्याकाठी अवघे अडीच तास. २०२४ साली ‘बीएमजे पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात चौदा अभ्यासांचा, पन्नास हजारांहून अधिक लोकांविषयीचा, आढावा प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की खेळणारे पुष्कळदा या मर्यादेजवळ वा तिच्या पलीकडे जातात, आणि खेळातील बंदुकीचे बार क्षणभर ११९ डेसिबलपर्यंतही पोहोचतात. गाणे तीन मिनिटांत संपते. खेळ तास न् तास चालतो, आणि पावले ऐकू यावीत म्हणून मुलगा आवाज वाढवितो, तेव्हा बारही तितकेच वाढतात. २०२५ साली त्याच संघटनेने व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मिळून खेळांच्या यंत्रांसाठी सुरक्षित ऐकण्याचे मानक प्रसिद्ध केले, ते उगीच नव्हे.

म्हणून हेडफोनची एक परीक्षा आम्ही सर्वांत वर ठेवू: तो बाहेरचा आवाज किती अडवितो? वाटी कानाभोवती नीट बसली तर आवाज कमी ठेवूनही ऐकू येते. तिगाव स्थानकाजवळ राहणाऱ्यांस ही परीक्षा फुकट करता येईल. मालगाडी जाऊ लागली की मुलाचा हात आवाजाच्या बटणाकडे जातो काय, ते पाहावे. आणि आईने हातभर अंतरावरून नेहमीच्या स्वरात हाक मारावी. त्याला ती ऐकू येत नसेल, तर तो ऐकत नाही असे म्हणण्यापूर्वी हेडफोनचा आवाज कमी करून पुन्हा हाक मारावी. खेळ संपल्यावर कानांत शीळ वाजत असेल तर त्या दिवशी मर्यादा ओलांडली गेली, हे निश्चित समजावे.

खेळूच देऊ नये काय, असे काही माता विचारतात. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्यास संतपद दिले तो कार्लो आकुतिस १९९१ साली जन्मला व २००६ साली पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने वारला. पवित्र साक्रामेंताच्या चमत्कारांचे प्रदर्शन त्याने संगणकावर मांडले हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच्यापाशी खेळाचे यंत्रही होते आणि तो आवडीने खेळे. पण त्याने स्वतःस आठवड्यास एक तास एवढीच मुभा दिली होती, असे त्याच्या आईने सांगितले आहे. यंत्र घरात असणे व यंत्राने घर व्यापणे या दोन गोष्टी त्याने निराळ्या ठेविल्या. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांची गोष्ट मात्र वेगळी आहे. २०२५ च्या ऑगस्टात झालेल्या केंद्रीय कायद्याने त्यांस बंदीच केली आहे. कोणी मुलास तसले काही दाखविले तर तो फोन तेव्हाच हातातून घ्यावा.

त्या शेतकरी बांधवाच्या घरी शेवटी काय ठरले, हे वाचक विचारतील. चार हजारांचा बिनवायरीचा रद्द झाला. बाराशेंच्या आसपासचा, दांडीच्या माइकाचा व सुटी वायर असलेला एक घेतला. तो दिवसा बहिणीच्या कामास व संध्याकाळी ठरलेल्या वेळी भावाच्या खेळास, अशी वाटणी आईने करून दिली. मुलगा दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी त्याने आपण होऊन सांगितले की पावले डावीकडून येतात की उजवीकडून हे यात स्पष्ट कळते. उरलेल्या पैशांतून ठिबकच्या नळ्या आल्या.

घेतेवेळच्या दोन गोष्टी राहिल्या. बिनवायरीच्या हेडफोनवर भारतीय मानक ब्यूरोची खूण व ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावयास हवा. तो ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. हमी एक वर्षाची आहे की दोन, आणि दुरुस्तीचे केंद्र नागपुरास आहे की थेट दूरच्या शहरी, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. हमी असूनही कोणी टाळाटाळ केली तर १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. त्यानेही भागले नाही, तर २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढे जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस तेथे फी पडत नाही. त्यासाठी पक्के बिल हवे. दुकानात यंत्रातून निघणाऱ्या चकचकीत कागदावरील अक्षरे उष्णतेने उमटविलेली असतात. पत्र्याच्या घरात एका उन्हाळ्यात ती उडून जातात व हातात कोरा कागद उरतो. तेव्हा बिल मिळाल्याबरोबर, दुकानाची पायरी उतरण्यापूर्वीच, त्याचा फोनवर फोटो काढून ठेवावा.